बालीगंज मुक्कामीं ऑइल पॅन चढविला त्याची हकीकत

सकलगुणमंडित, वंगणप्रिय वाचक यांसी विज्ञापना ऐसी जे, पृथ्वीवर राज्यें आलीं आणि गेलीं, गड पडले आणि पुनः उभे राहिले, परंतु आपली मोटार आपल्या हातें उघडून पुन्हां मिटविणारा पुरुष विरळा. ऐसा एक पुरुष कलकत्ता शहरीं बालीगंज मुक्कामीं राहतो. त्याचें वर्तमान घडलें तैसें लिहितों. थोरवी होती तितकी सांगितली आहे. फजिती झांकिली नाहीं, कारण ती थोरवीहून बहुत जास्त आहे.

राजश्री सलीलराव गद्रे, मूळ वस्ती सातारा, बँकेच्या हुकुमें बदली होऊन पूर्वेच्या सुभ्यांत दाखल जाहले. दिवसां एस्प्लनेडच्या कचेरींत हुकूम सोडावे आणि सायंकाळीं घरीं येऊन हुकूम मानावे, ऐसा परिपाठ. पदरीं एक जुनी पांढरी मोटार होती. परंतु ती त्यांची नव्हे. सासरे कैलासवासी प्रभाकरपंत यांणीं ती आपली लेक मंजुषाबाई यांस दिली होती, आणि बाईसाहेब तीस वडिलांची निशाणी मानून जपत. पुढें गाडी धूर ओकूं लागली. शहाण्यांनीं सल्ला दिला कीं भंगारांत द्यावी. मंजुषाबाई उठून खिडकीपाशीं जाऊन उभ्या राहिल्या. तें पाठमोरें मौन सलीलरावांस तोफेच्या गोळ्याहून जड लागलें, आणि भर मजलशींत शब्द निसटला कीं, इंजिन आम्ही खासा उघडूं आणि नवें करूं.

मग मोबाइलवरील व्हिडिओ हेच गुरु केले, पान्यांचा सरंजाम जमविला, आणि इमारतीच्या तळमजल्यावर इंजिन उतरवून पिस्टन, रिंगा, बेअरिंगें तमाम बदललीं. हें त्यांस साधलें कैसें, तें इतिहासास अद्याप उमगलें नाहीं. साखळीच्या कप्पीनें इंजिन पुनः गाडींत बसविलें, तेव्हां शेजारच्या घोषाल वहिनींनीं शंख फुंकिला आणि सलीलरावांनीं संदेश नामक बंगाली मिठाई वांटिली. दुसरे दिवशीं मंजुषाबाई गच्चीवर कपडे वाळत घालावयास गेल्या, तों ऑइल पॅन तेथें उन्हांत चकाकत पडला होता. रावसाहेबांनीं तो रॉकेलनें धुवून वाळत ठेविला, आणि विसरले.

ऑइल पॅन म्हणजे इंजिनाचें तळचें पात्र. सारें तेल त्याच्या पोटांत. त्याविना इंजिन म्हणजे बूड नसलेली कळशी. इंजिन बाहेर असतां तें पालथें करून पॅन वरून ठेवणें हा पोरखेळ होता. आतां गाडीखालीं उताणें शिरून, खालून वर, आकाशास झांकण लावावें तैसें लावणें प्राप्त जाहलें. आणि त्याच समयीं पुण्याहून सासूबाई सुहासिनीबाई यांचा निरोप आला कीं, रविवारीं डमडमास विमानानें उतरतें, ह्यांच्याच गाडींतून घरीं न्यावें. पति गेल्यापासून सासूबाई त्या गाडींत बसल्या नव्हत्या. सलीलरावांनीं फोनवर छाती काढून होकार दिला आणि फोन ठेवून पाणी मागविलें.

शनिवारीं सकाळीं गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवून स्वारी खालीं शिरली. वहिनींचे यजमान घोषालबाबू खुर्ची टाकून, चहा घेऊन रण पाहावयास बसले. पहिले हल्ल्यांत पॅनच्या कडेस गॅस्केट, म्हणजे सांध्यांत घालावयाची पट्टी, ठेविलें, तें चिकटविणारें सीलंट मात्र ऐसें सढळ लाविलें कीं तें कपाळीं, कानीं आणि चष्म्यावर पसरलें, आणि गॅस्केट घसरून छातीवर पडलें. घोषालबाबूंनीं पृच्छा केली, “की दादा, होलो?” म्हणजे, झालें काय? सलीलरावांनीं गाडीखालून फर्माविलें कीं, होत आहे. मग सर्व पुसून दुसरा हल्ला केला. डावीकडील बोल्ट एकामागून एक गच्च आवळले, आणि उजवीकडे पाहातात तों भोकांस भोक जुळेना. पॅन तिरपा बसून दांत विचकूं लागला. जोर करावा तरी बोल्टाचे आटे जातील, बोल्ट सोडावे तरी पॅन तोंडावर येईल. ऐसे उभयपक्षीं कोंडले, आणि मनांत आलें कीं, सासूबाईंस टॅक्सीनें आणावें आणि आपण साताऱ्यास निघून जावें.

इतक्यांत मंजुषाबाई जेवावयास बोलावण्यास आल्या. वाकून पाहिलें आणि म्हणाल्या, “अहो, एक बाजू आधीच शिवून टाकलीत, तर दुसरी जुळेल कशी? आधी चारी कोपऱ्यांना कच्चे टाके घाला. मग शिवा.”

रावसाहेबांचा मान मोठा, तरी बारीक आवाजांत अर्ज केला, “जरा धरतेस का?”

बाईसाहेबांनीं जुनी चादर अंथरली, पदर खोंचला आणि शेजारीं उताण्या जाहल्या. सलीलरावांनीं बोल्ट सोडविले, गॅस्केट पुनः लाविलें. मंजुषाबाईंनीं दोन्हीं तळहातांवर पॅन तोलून धरिला, आणि रावसाहेबांनीं कोपऱ्यांचे बोल्ट नुसते बोटानें फिरविले. मग मधले घातले, मग समोरासमोर थोडे थोडे आवळले. भोकांस भोक मिळालें. दोघें क्षणभर तैसींच पडून राहिलीं.

मंजुषाबाई म्हणाल्या, “बाबा असते तर हसले असते.”

“मला?”

“दोघांना,” म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. सलीलरावांनीं काळ्या हातानें तें पुसूं जाऊन गाल काळा केला.

सीलंट रात्रभर वाळलें. रविवारीं तेल ओतिलें, खालीं पुठ्ठा अंथरिला आणि रावसाहेब डोकें घालून पाहों लागले. तों पुठ्ठ्यावर टपकन् थेंब पडला. त्यांचा चेहरा उतरला. मंजुषाबाईंनीं थेंब बोटावर घेऊन हुंगिला आणि निवाडा दिला कीं, हें खोबरेल आहे, तुमच्या डोक्याचें. मग किल्ली फिरविली. इंजिन खोकलें, शिंकलें, आणि सुरू जाहलें. धूर नाहीं. घोषालबाबू उठून उभे राहिले, ही गोष्ट ध्यानीं ठेवण्याजोगी.

सायंकाळीं स्वारी डमडमास पोंचली. सुहासिनीबाई पुढें बसल्या आणि डॅशबोर्डावर हात ठेविला. सलीलराव पॅनच्या धास्तीनें ऐसे जपून चालले कीं सायकलवाले मागें टाकूं लागले. बराच वेळ गेला. मग सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, ह्यांनी ही गाडी इतकी हळू कधीच चालवली नव्हती.”

मागें मंजुषाबाई हसल्या. सलीलरावांनीं पाय दाबिला. इंजिन गर्जून उठलें, खिडकींतून वारा आंत शिरला, आणि सुहासिनीबाईंनीं पदर सांवरून कांच आणखी खालीं केली.

येणेंप्रमाणें बालीगंजची मोहीम फत्ते जाहली. पॅन जागचा हलला नाहीं. यश मंजुषाबाईंचें, काळे हात दोघांचे, बढाई मात्र सलीलरावांची, आणि ती अद्याप चालू आहे. हें वर्तमान खरें म्हणोन येथें नमूद केलें असे.