खोबऱ्या आंब्यावरची बाळंतीण

खोबऱ्या आंबा तोडून बरीच वर्षं झाली, तरी आमच्या सावरबोडीचे पक्षी अजून त्याच्यावरच बसतात. आंबा नाही, खालची जमीन नाही, गावही नाही. तिथं आता कोळशाची उघडी खाण आहे. खड्ड्याच्या वर, मोकळ्या हवेत, पोपट आणि साळुंक्या ओळीनं बसतात आणि वारा आला की फांदीबरोबर हलतात. नव्या कामगाराला दोन दिवस नवल वाटतं. मग तोही डबा उघडून जेवायला बसतो.

मला ते बघून बरं वाटायचं. जमिनीच्या बदल्यात मला इथंच नोकरी मिळाली. कोळशावरची माती उपसणाऱ्या, इमारतीएवढ्या यंत्राचा मी चालक आहे. मान वर केली की आंबा कुठवर पसरला होता ते पक्ष्यांवरून कळायचं. त्याच्या फळाला ओल्या खोबऱ्याची चव होती. त्याच्या सावलीत पोळ्याचे बैल सजायचे, सोयरिकी जुळायच्या आणि मोडायच्याही. माझी पहिली तिथंच मोडली. आंब्यावर माझा राग नाही.

यंदा उन्हाळ्यात हुकूम आला, यंत्र पुढं सरकवा. म्हणजे त्याची सोंड नेमकी आंब्यातून फिरणार.

"साहेब, पक्षी?" मी विचारलं.

"उडतील," व्यवस्थापक गोखरे साहेब म्हणाले.

उडालेही असते, पण धनेशाची मादी ढोलीत बसली होती. ती अंडी घालायच्या वेळी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि नर फटीतून चारा भरवतो. वनरक्षक मेश्राम मॅडम पाहणीला आल्या.

"झाडच नाही, तर ढोली कुठली?" साहेब म्हणाले.

"मग नर चारा कोणाला देतो, ते सांगा."

साहेबांनी दुर्बीण लावली. नरानं हवेत उंबर पुढं केलं. उंबर गेलं. साहेबांनी खाली माणूस पाठवून शोध घेतला, पण ते पडलेलं नव्हतं.

"खाल्लं म्हणायचं," साहेब म्हणाले. माणूस न्यायी आहे, एवढं कबूल करायला हवं.

पुनर्वसन वसाहतीत राहणाऱ्या सोनाबाई टेकामला हे कळलं. निम्मी सावरबोडी तिच्याच हातांवर जन्मली. ती ऑटो करून आली आणि खाणीच्या फाटकाला तिनं कडुलिंबाचा डहाळा बांधला. आमच्याकडे बाळंतिणीच्या दाराला तो बांधतात आणि तो असेतोवर त्या घराजवळ कोणी खुंटीसुद्धा ठोकत नाही.

"सुरुंग बंद ठेवजा, साहेब."

"आजी, उत्पादन थांबेल."

"तुमच्या मायच्या टायमाले कोनी सुरुंग लावला होता का?"

त्या बाजूचे सुरुंग थांबले. पण साहेबांनी अट घातली. मोठ्या पक्ष्यांना सवय आहे. पिल्लांनी आंबा कुठं पाहिलाय? पिल्लू बसलं तर आंबा आहे, पडलं तर यंत्र पुढं जाईल. मेश्राम मॅडमनाही हे रीतसर वाटलं.

मला मात्र धास्ती बसली. माझा पोरगा वसाहतीत जन्मला. सावरबोडीचं नाव काढलं की जांभई देतो. पिल्लू तरी कशाच्या जोरावर बसणार? आणि ते पडलं की गावाचं शेवटचं जे काही उरलंय, ते मलाच माझ्या हातानं पुसावं लागणार होतं.

मादी लिंपण फोडून बाहेर आली. चार-सहा दिवसांनी पिल्लानंही डोकं काढलं. आम्ही सगळे, सोनाबाईसुद्धा, खाणीच्या कडेला जमलो. मेश्राम मॅडमनी खाली जाळी धरायला लावली होती. पिल्लानं पंख फडफडवले, आईच्या शेजारी पाऊल टाकलं आणि पडलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे निघालो.

तेवढ्यात मागं सगळे ओरडले. पिल्लू जाळीत आलंच नव्हतं. पुरुषभर खाली येऊन ते थांबलं, हेलकावलं आणि पंख मिटून बसलं. त्या जागी इतक्या वर्षांत एकही पक्षी बसलेला नव्हता.

"तिथं काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मला ठाऊक होतं.

"खालची फांदी," सोनाबाई म्हणाली. "पोरायचा झोका राहे तिच्यावर. लय कलकलाट. म्हनून पाखरं तठी बसतच नोती." मग म्हणाली, "आता कुठं हायेत पोरं?"

साहेबांनी मला यंत्र वळसा घालून न्यायला सांगितलं. किती अंतर सोडू, मी विचारलं. साहेब सोनाबाईकडे वळले.

"आजी, झोका किती लांब जायचा?"