जागरूक नागरिकाची तक्रार

सत्कार साडेपाचचा. पाच वाजले तरी सत्कारमूर्ती पंपवाले काका गंजीफ्रॉकवर, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाशी बसलेले. काकूंनी भाचीकडे जाऊ या म्हणून पाहिलं, तर तू जाऊन ये, असं उत्तर आलं. नवा कोट अंगाला बसतो का ते तरी बघा म्हटलं, तर कोट काय पळून चाललाय का, म्हणाले. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

पंपवाले काका पोटासाठी घड्याळं, रेडिओ असलं सटरफटर दुरुस्त करत. जीव मात्र गावच्या स्वयंसेवी अग्निदलाच्या पंपात. डावा पाय गुडघ्याखाली नकली. सत्तावीस वर्षांपूर्वी दलात घ्या म्हणून अर्ज केला, तेव्हाच्या प्रमुखाने त्यावर शेरा मारला, ‘एका पायाचा माणूस आगीत स्वतःच ओझं होईल.’ काका दुसऱ्या दिवसापासून दलाच्या शेडमध्ये पंपाशेजारी जाऊन उभे राहायला लागले. हाकलला तरी हलेना असा माणूस. मग एका आगीत पंपाने ऐन वेळी मान टाकली, तेव्हा तो चालू करणारा शेजारीच उभा होता. तेव्हापासून पंप काकांचा, आणि त्यांच्या हाताखाली तो एकदाही बंद पडला नाही.

काका तो शेरा विसरले. काकू विसरल्या नाहीत. तो कागद त्यांनी कपाटात कपड्यांखाली जपून ठेवला होता. चारचौघांसमोर, त्याच दलाकडून, या माणसाच्या कोटावर पदक लागलेलं बघायचं आणि मग कागदाचे तुकडे करायचे, हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. आज तो कागद पर्समध्येच होता.

पण काका सत्काराला बधतील तर ना. याआधी दोनदा विचारलं, तेव्हा "पंपाचा करा, मी नुसता कॉक फिरवतो," म्हणून त्यांनी धूम ठोकली होती. म्हणून या खेपेला सगळं गुपचूप चाललेलं. आताच्या प्रमुखांनी काकूंना हात जोडून सांगितलं होतं, वहिनी, बाकी सगळं आम्ही बघतो, त्यांना हॉलपर्यंत आणायचं तेवढं तुम्ही बघा.

शेवटी काकूंनी डोळे मिटले आणि जन्मात बोलल्या नव्हत्या असं धडधडीत खोटं बोलल्या.

"अहो, मघाशी फोन आला होता. टाउन हॉलचं आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार म्हणे अडवून ठेवलंय."

स्क्रूड्रायव्हर थांबला. "कोणाचा फोन?"

"नाव नाही सांगितलं. कोणीतरी जागरूक नागरिक."

काकांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्याने कोट चढवला. त्या टेबलावर कायम कशाची ना कशाची आतडी उघडी पडलेली असत. आज काय पडलंय, हे बघणं काकूंनी कधीच सोडून दिलं होतं.

हॉलमध्ये दोनशे माणसं दबा धरून बसली होती. काका आत शिरताच सगळे उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी टॉर्च लावून दारं तपासली. काकूंचं खोटं इतकं खरं निघेल, असं काकूंनाही वाटलं नव्हतं. बाजूच्या दाराला खुर्च्यांची चळत होती. मागच्या दाराला माणसापेक्षा उंच अशी चौकट, तीही कापडाने झाकलेली.

"हे काय आहे?"

"फोटो आहे," प्रमुख म्हणाले. नगराध्यक्षांनी अनावरण करायचा फोटो, त्यामुळे पुढे बोलायची सोय नव्हती.

"कोणाचा का असेना. दारातून हलवा."

कोणी हलेना, म्हणून काकांनी स्वतःच चौकट ओढली. कापड खाली पडलं आणि आठ फुटी काका हसत समोर उभे राहिले. काका घटकाभर स्वतःकडे बघत राहिले.

"याला तरी कळायला हवं होतं," ते म्हणाले. "टाळ्या नंतर. आधी सगळे बाहेर."

मागचं दार स्प्रिंगचं होतं, आपोआप बंद होणारं. काकांनी त्यात नकली पाय घातला आणि घड्याळात बघून वेळ मोजायला घेतली. नगराध्यक्षांसकट दोनशे माणसं रांगेने रस्त्यावर आली. पाच मिनिटं लागली. फार झाली, असं काकांनी सगळ्यांना तोंडावर सांगितलं.

आता परत आत जायची छाती कोणाची होती? त्याच दारातून खुर्च्या बाहेर काढायला सुरुवात झाली आणि नगराध्यक्षांनी रस्त्यावरच मानपत्र वाचून टाकलं. काका दारात पाय अडकवून उभे. दार सोडता येत नव्हतं, म्हणून पळताही येत नव्हतं. पदक पुढे आलं तसा त्यांनी हात आडवा केला.

"लोक आग लागल्यावर फोन करतात. दार अडवलंय म्हणून लागायच्या आधी करणारा हा पहिलाच. पदक त्याला द्या. इथे असेल तर त्याने पुढे यावं."

काकूंचा जीव टांगणीला लागला. रस्त्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. तेवढ्यात हॉलचा मॅनेजर केसांवरून हात फिरवत पुढे सरकला. स्वतःच्या हाताने दाराला खुर्च्या लावणारा माणूस.

"खरं म्हणजे," तो लाजत म्हणाला, "मी नाव सांगणार नव्हतो."

नगराध्यक्षांनी पदकाची पिन उघडली. सत्तावीस वर्षं वाट पाहिलेलं पदक डोळ्यांदेखत या उपटसुंभाच्या छातीवर चाललेलं बघून काकूंना राहवेना.

"तक्रार माझी होती," त्या म्हणाल्या. "मी केली."

मॅनेजर आल्या पावली मागे गेला. प्रमुखांच्या लक्षात सगळा घोटाळा आला, पण हसू दाबून त्यांनीच टाळ्या सुरू केल्या. गाल लाल झालेल्या काकूंनी नगराध्यक्षांच्या हातून पदक घेतलं, तडक दाराशी गेल्या आणि ते काकांच्या कोटावर लावलं.

"अगं, अगं," काका म्हणाले. पण पाय दारात होता.

यावेळच्या टाळ्या बराच वेळ चालल्या. काकूंचे डोळे भरून आले. पिन सरळ करण्याच्या निमित्ताने त्या तिथेच रेंगाळल्या.

"रागावलात?"

"फोन कुठे आला होता म्हणालीस?"

"घरी."

"दुपारपासून टेबलावर उघडा पडलाय, तो आपलाच फोन."

काकूंनी जीभ चावली. "मग आलात कशाला?"

"सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललीस. म्हटलं, हिच्याकडे काहीतरी मोठंच पेटलेलं दिसतंय. जायला हवं."

काकूंनी पर्समधून तो जुना कागद काढला आणि त्याचे चार तुकडे केले. काकांनी शेऱ्यातली अक्षरं ओळखली. मग त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडे. दारात टाकू नकोस, कागद लगेच पेट घेतो."