घर बघून रेकॉर्ड

रविवारी सकाळी अकरा वाजता कसबा पेठेतले एक गृहस्थ कर्वेनगरला रामटेक्यांचं घर बघायला येणार होते, आणि घरात लग्नाचं कुणीही नव्हतं. पूर्वा होती, पण ती दहावीत होती आणि उठल्यापासून धुसफुसत होती. गृहस्थ तिला बघायला येतच नव्हते. त्यांच्या दुकानातली एक रेकॉर्ड या घरात सुखी राहील की नाही, ते बघायला येत होते.

"रेकॉर्ड ही वस्तू आहे," पूर्वा आईला चौथ्यांदा सांगत होती. "वस्तू दुकानात जाऊन घेतात. आपण फ्रिज घेतला तेव्हा फ्रिजवाला आला होता का तुझं स्वयंपाकघर तपासायला?"

"मी पोहे करतेय," आई म्हणाली. "घर बघायला येणार म्हटल्यावर माझा हात आपोआप पोह्यांच्या डब्याकडेच गेला."

याची सुरुवात प्रज्ञेशदादापासून झाली. हिंजवडीत ऑफिसमध्ये त्याच्या शेजारी बसणारा मित्र कायमचा अमेरिकेला गेला आणि जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर दादाच्या गळ्यात घालून गेला. रेकॉर्डी मात्र सगळ्या सोबत नेल्या. पूर्वाचं संगीत तोवर मोबाइलमध्ये होतं. दोन हजार गाणी, त्यातली अठराशे तिने कधी ऐकलीच नव्हती. आता तीन आठवडे ती रोज क्लासवरून येऊन प्लेअर चालू करायची आणि रिकामी चकती फिरताना बघायची. शेवटी शुक्रवारी ती कसबा पेठेत गेली.

दुकानाच्या दारावर पाटी होती : 'येथे जुन्या रेकॉर्ड मिळतात. मिळतीलच असे नाही.' आत मालक बसले होते, रंगनाथकाका.

"एखादी रेकॉर्ड दाखवा ना."

"कोणती?"

"कुठलीही. चांगली."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "चपलांच्या दुकानातसुद्धा नंबर सांगावा लागतो."

पूर्वा तिथूनच परतली असती. पण काकांच्या डोक्यामागे एक छोटी रेकॉर्ड उभी होती आणि तिच्या कव्हरवर पांढऱ्या शर्टातले सात जण होते. सगळ्यात कडेला, हातात झांज, मिशी जरा वाकडी. हाच फोटो पूर्वाच्या घरी हॉलमध्ये लावलेला होता.

आजोबा नागपूरला एका गायन पार्टीत होते. बाबासाहेबांची गाणी गावोगाव म्हणायची पार्टी. आजोबा कोरसमध्ये उभे राहून झांज वाजवायचे आणि 'जी जी' म्हणायचे. पार्टीची एकच रेकॉर्ड निघाली. घरातली प्रत शेजाऱ्यांनी बारशाला म्हणून नेली ती परत दिलीच नाही. आजीने त्या घराशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच होतं. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली. दोन हजार गाण्यांत त्यांचा आवाज नव्हता. कुठेच नव्हता.

"ते माझे आजोबा आहेत," पूर्वा म्हणाली.

"इथे येणाऱ्या प्रत्येकाचं कुणीतरी कव्हरवर असतं. प्लेअरची सुई कधी बदललीत?"

"ती बदलायची असते?"

रेकॉर्ड काढायला वर गेलेला काकांचा हात खाली आला. "मागच्या वर्षी एका कंपनीतल्या मुलाला रेकॉर्ड दिली. त्याने तिचं भिंतीवरचं घड्याळ केलं. तेव्हापासून मी घर बघितल्याशिवाय देत नाही. इथे पत्ता लिहा. जोडाक्षरं वाचता येतील अशी काढा."

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना काका आले. खांद्याला कापडी पिशवी, तीत रेकॉर्ड. पण ती त्यांनी बाहेर काढली नाही, मांडीवर धरून बसले.

"ऊन कुठून येतं?"

"बाल्कनीतून," बाबा म्हणाले. बाबा पाटबंधारे खात्यात होते. सरकारी माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर देतोच.

"वरच्या मजल्यावर लहान मुलं?"

"दोन."

"उड्या मारतात?"

"त्यांचं बाबा कसं सांगणार?" पूर्वा म्हणाली. आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

मग काकांनी पिशवीतून पाणसळ काढली. गवंडी वापरतात ती, मधे बुडबुडा असलेली. त्यांनी ती प्लेअरच्या टेबलावर ठेवली. बुडबुडा निवांत डावीकडे जाऊन बसला.

"घर कललेलं आहे," काका म्हणाले.

"टेबल कललं असेल," बाबा दुखावून म्हणाले. "घराचं कम्प्लिशन सर्टिफिकेट आहे आपल्याकडे. आणू का?"

"सर्टिफिकेट बुडबुड्याला दाखवा. अशा टेबलावर सुई घसरणार. आणि हे पोहे लाल का आहेत?"

"तर्री आहे," आई म्हणाली.

"तेलकट बोटांनी रेकॉर्ड हाताळणारं घर." काकांनी मान हलवली. मग त्यांनी एक घास खाल्ला, थोडे थांबले, आणि बशी जवळ ओढून पुढचा सगळा तपास पोहे खात केला.

पूर्वा त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघत धुसफुसत होती. दुकान यांचं, रेकॉर्ड यांची, ठीक आहे. पण आवाज कुणाचा होता? आता हे उठणार, पिशवी खांद्याला लावणार, आणि आजोबा पुन्हा कसबा पेठेत जाऊन फळीवर उभे राहणार.

इतका वेळ कोपऱ्यात बसलेली आजी खुर्ची सरकवत पुढे आली.

"तुमचं झालं विचारून? आता मले सांगा, तुमच्याकडं ही किती वर्षं हाय?"

"बावीस."

"किती वेळा वाजवली?"

"तसं नसतं, आजी. वाजवली की रेकॉर्ड झिजते."

"म्हणजे एकदाबी नाही?"

"जपलीय मी ती."

"मग तुम्ही गाणी कशावर ऐकता?" पूर्वाने विचारलं.

काकांनी बशीतला शेवटचा शेंगदाणा शोधला, पण तो नव्हता.

"मोबाइलवर," ते म्हणाले.

पूर्वाला इतका राग आला की तिला बोलायला शब्दच सापडेना. हे असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

आजी शांतपणे म्हणाली, "बावीस वर्षं मुक्यानं बसवली तिले. त्यापेक्षा ते घड्याळवालं पोट्टं बरं. निदान टिकटिक तरी असेल. आणा इकडं."

काकांनी हात साबणाने दोनदा धुतले, कोरडे केले आणि रेकॉर्ड काढून चकतीवर ठेवली. सुई मात्र पूर्वाने टेकवली. खरखर झाली, ढोलकी आली, आणि कोरस उठला : जी जी. सगळे एकदम. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागून एकटाच एक आवाज : जी जी.

"हे आले," आजी म्हणाली. "लग्नालेबी असेच उशिरा आले होते."

तेवढ्यात टेबलाने आपला गुण दाखवला. सुई घसरली आणि मागच्याच रेघेत जाऊन पडली. मागून एकट्याचं जी जी. पुन्हा जी जी. पुन्हा तेच.

काका ताडकन उठले. "रेघ खराब होतेय, उचला ती सुई."

आजीने त्यांचं मनगट धरलं. "राहू द्या नं, बाप्पा. इतका वेळ ते घरी कधी बसले होते?"

काका खाली बसले. वरची मुलं खरंच उड्या मारत होती, बाल्कनीतून ऊन येत होतं, आणि आजोबा उशिरा येत राहिले. काकांनी खिशातून कागदाची घडी काढली, टेबलाच्या पायाखाली सरकवायला वाकले, आजीकडे पाहिलं आणि घडी परत खिशात ठेवली.

जाताना त्यांनी रिकामी पिशवी नीट दुमडली. "रेकॉर्ड इथेच राहू दे. टेबलाला हात लावू नका." दारात चपला घालताना ते पुढे म्हणाले, "रविवारी येत जाईन. कशी आहे ते बघायला. अकराला. पोह्यांचा आग्रह नाही."

पुढच्या रविवारी ते पावणेअकरालाच आले, तर दार बंद होतं. त्यावर वहीचा कागद डकवलेला होता, आणि जोडाक्षरं अगदी वाचता येतील अशी काढलेली होती :

'येथे रेकॉर्ड ऐकायला मिळते. मिळेलच असे नाही.'

काकांनी पाटी दोनदा वाचली. मग खिशातून पेन काढून त्यांनी 'मिळेलच'खाली एक सरळ रेघ ओढली आणि बेल वाजवली.