चौकातले चारशे बारा

दुर्गेशचा फोन आला तेव्हा नीला वडिलांची उरलेली औषधं वेगळी करत होती. डॉ. मार्तंड भोयर यांना जाऊन पाच दिवस झाले होते. साखरेच्या गोळ्यांची पट्टी अजून अर्धी होती.

"ताई, बोर्ड बनवून राहिलो मोठेबाबांचा," दुर्गेश म्हणाला. हिंगणा रोडवर या चुलतभावाचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. "फोटो झाला, नाव झालं. खाली जागा उरून राहिली. पुढाऱ्याची पदं टाकता येते. मोठेबाबांचं काय टाकू?"

"पेशीशास्त्रज्ञ टाक."

"थे टाकलं. पण लोकांले समजत नाही ना. आकडा दे एखादा. आकडा समजते."

वडिलांचा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. त्यांच्या शोधनिबंधांचं पान समोर होतं. दर सोमवारी चहाच्या वेळी ते पान उघडून त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या निबंधाचा उल्लेख आणखी किती जणांनी केला, ते आईला सांगत. साखरेचा रिपोर्ट वाचावा तसं, चेहऱ्यावर काही न आणता. नीलाला तो विनय वाटायचा.

"चारशे बारा," ती म्हणाली. "एवढ्या ठिकाणी बाबांच्या एका निबंधाचा उल्लेख आहे."

"जबरदस्त," दुर्गेश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी चौकात बोर्ड लागला. 'जगातील ४१२ शास्त्रज्ञांनी ज्यांचे नाव घेतले.' वडिलांचा फोटो ओळखपत्रावरचा होता. मोठा केल्यामुळे ते कोणाला तरी ओळखायचा प्रयत्न करत असल्यासारखे दिसत होते.

संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक मंडळाचे रुपरावजी आले. ते नीलाच्या आईसमोर, शोभाताईंसमोर येऊन बसले. मग नीलाकडे वळून म्हणाले, "बाई, आम्ही तीस वर्षं या मानसाले दूध आनताना पाहिलं आन् चारशे बारा लोकं याचं नाव घेऊन राहिले, आमाले पत्ता नाही. तेरवीच्या दिवशी समाजभवनात सभा ठेवतो. काय म्हनलं या लोकायनं, थे वाचून दाखव. आईले बरं वाटंन."

आईने मान हलवली. सहा दिवसांत तिने पहिल्यांदाच कशाला तरी मान हलवली होती. नीला हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाचायला बसली. निबंध साधा होता. उंदराच्या यकृतातल्या पेशींना कसलाही त्रास दिला नाही तरी एक प्रथिन त्यांच्या केंद्रकात शिरतं, असं वडिलांनी १९९२ साली लिहिलं होतं. यादीतला पहिला उल्लेख जर्मनीचा होता. 'भोयर यांचा हा दावा आम्हाला पडताळता आला नाही.' दुसरा जपानचा, 'भोयर यांच्या निष्कर्षाच्या अगदी उलट.' कॅनडावाले जरा सभ्य होते. 'भोयर यांना जे दिसलं ते कशामुळे, हे सांगणं कठीण आहे.' नीलाने चाळीस वाचले. एकाने तेवढं वडिलांच्या पेशी धुण्याच्या पद्धतीचं कौतुक केलं होतं.

तिने ऋषिकेशला फोन लावला. तो वडिलांचा शेवटचा विद्यार्थी. आता धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होता.

"तुला हे माहीत होतं?"

"ताई, ते सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे जे वाचतात त्यांना. नागपुरात मीच असेन."

"आई समोर बसणार आहे, ऋषिकेश. मी काय वाचू?"

"मजकूर नका वाचू. नावं आणि देश वाचा. देश ऐकून लोक खूश होतात."

तसंच ठरलं. दुर्गेशने अख्खी यादी छापून, स्पायरल बाइंडिंग करून आणून दिली. वर वडिलांचा तोच फोटो.

तेरवीचं जेवण आटोपल्यावर समाजभवनात दीडशेक माणसं जमली. ओळीने लावलेले चार कुलर घरघरत होते. शोभाताई पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. नीला वाचू लागली. जर्मनी. जपान. कॅनडा. ब्राझील. मागून कोणी तरी टाळी वाजवली आणि कुठे बसलो आहोत ते आठवून थांबवली. सगळं ठीक चाललं होतं. वीस देश झाल्यावर मधली पानं सोडून तिने शेवटचं पान उघडलं. सगळ्यात जुना उल्लेख तिथे होता. "१९९३. भारत," ती म्हणाली आणि अडखळली.

"भारताचा कोन हाय?" रुपरावजींनी विचारलं.

"बाबाच आहेत."

"मंग थेच वाच ना. आपल्याच मानसानं का म्हनलं, थे तं आयकू."

समोर बसलेला ऋषिकेश उठला आणि परत बसला. ते टिपण नीलाने पाहिलंही नव्हतं. फोनवर ते सापडलं. एका लहानशा मासिकात छापलेलं, जेमतेम दीड पान. एक इंग्रजी वाक्य वाचून त्याचं मराठी करत ती बोलू लागली आणि दुसऱ्या वाक्यानंतर मागे फिरता येईना.

"'पेशी ज्या पेटीत सदतीस अंशांवर ठेवल्या होत्या, ती पेटी तापवता येते, थंड करता येत नाही. प्रयोग मे महिन्यात झाला. खोलीचं तापमान त्रेचाळीसवर गेलं होतं, त्यामुळे पेटीचंही गेलं. आम्ही नोंदवलेला परिणाम पेशीचा गुणधर्म नसून नागपूरच्या उन्हाळ्याचा आहे. खोलीतला कुलर तांत्रिक कारणाने उपलब्ध नव्हता. आमचा दावा मागे घेत आहोत.'"

सभागृहात फक्त कुलर ऐकू येत होते. मूळ निबंध जगभर गेला होता आणि हे दीड पान कोणाच्या नजरेला पडलं नव्हतं. बाबांनी वर्षभरातच कबूल केलेली चूक जग तीस वर्षं शोधत बसलं होतं. नीलाने आईकडे पाहायचं टाळलं.

"कुलर घरी होता," शोभाताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्या बसूनच बोलत होत्या. आवाज नेहमीचा होता.

"तू दोन महिन्यांची होतीस, नीला. अंगभर घामोळ्या. रात्रंदिवस रडून राहिली होतीस. कॉलेजचा कुलर हे रिक्षात टाकून घरी घेऊन आले. मी म्हटलं, तिकडे काही बिघडणार नाही ना. म्हणे, पेशी रडत नाहीत."

त्यांनी एकदा घरघरणाऱ्या कुलरकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी यांच्या लक्षात आलं. लिहायले बसले तं मी म्हटलं, कारण लिहा ना, खरं काय थे. म्हणे, पोरीचं नाव कशाले मध्ये. तांत्रिक कारण लिहितो." त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "मग दर सोमवारी सांगायचे, शोभा, आज आणखी तिघांनी करून पाहिलं, जमलं नाही. बिचारे."

रुपरावजी शोभाताईंकडे वळून बसले.

"म्हंजे वहिनी," ते म्हणाले, "जर्मनी-जपानचे लोकं तीस वर्षं या पोरीच्या घामोळ्यापाई हैरान झाले?"

"हो," शोभाताई म्हणाल्या.

मागे कोणी तरी हसलं. मग बरेच जण हसले, खाली मान घालून, तेरवीत हसावं तितकंच. नीला मात्र वाचलेल्या ओळीकडेच पाहत होती. 'तांत्रिक कारणाने.' जगातल्या कुठल्याही निबंधात तिचा एवढाच उल्लेख होता.

सभा संपल्यावर दुर्गेश हात चोळत शोभाताईंसमोर उभा राहिला. "मोठीआई, बोर्ड उतरवू का आताच? चुकीचा झाला तो."

"उतरवू काहून? आकडा तेवढा दुरुस्त कर."

"किती करू?"

"चारशे अकरा. स्वतःचं नाव स्वतःच घेतलेलं थे मोजत नव्हते."

दुर्गेश दुकानात जाऊन एक आकडा छापून घेऊन आला आणि शिडी लावून चिकटवला. चौकातून जाताना नीलाने वर पाहिलं. उन्हात त्या चिकटवलेल्या आकड्याचा एक कोपरा आत्ताच सुटायला लागला होता.