दोन किलो माज

बशीरभाईंच्या दुकानासमोर उभं राहून तुम्ही काही बोललात, तर ते आधी तुमच्या बोलण्याचं वजन करतात. म्हणजे खरोखरच करतात, तराजूवर.

दुकान आमच्या दारासमोर, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. चौकटीला पितळी तराजू टांगलेला, शेजारी फळीवर लोखंडी वजनांची ओळ, बाहेर एक बाकडं. बाकड्यावर चहा पिता पिता कोणी म्हणालं की यंदा आंबा स्वस्त होणार, तर बशीरभाई विचारणार, "पाहिलं की ऐकलं?" ऐकलं म्हटलं की पारड्यात पन्नास ग्रॅमचं वजन. डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर अर्धा किलो. टीव्हीवर पाहिलेलं असेल तर वजन नाहीच, बिडीच्या बंडलाचा कागद. एका निवडणुकीत उमेदवार हात जोडून आला आणि चोवीस तास पाणी देईन म्हणाला. बशीरभाईंनी रिकाम्या पारड्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "बसा, चहा घ्या."

त्यांचं ठरलेलं वाक्य एकच. "हवा नको, वजनात बोला."

तराजू आणि वजनं दुरुस्त करणं हा त्यांचा बापापासूनचा धंदा. माझी त्यांची ओळख त्यातूनच झाली. मी चौथी शिकले आणि चाळीस वर्षं भाजी विकली. चौथीत काय शिकले ते विसरले, पण वजन हातात घेतलं की खरं की खोटं ते अजून कळतं. लोखंडी वजनाच्या पोटात खालून एक भोक असतं. वजन तंतोतंत भरावं म्हणून त्यात शिसं ओतलेलं असतं. लबाड माणूस ते शिसं टोकरून काढतो, भोकावर काळा रंग फासतो आणि देवाला नारळ फोडून दुकान उघडतो. असाच एक कांद्याचा व्यापारी मला नडला. मी त्याचं पाच किलोचं वजन उचललं आणि तडक बशीरभाईंकडे आणून टाकलं. त्यांनी सगळ्यांदेखत भोक उघडून दाखवलं. मी ते वजन गटारात फेकलं. व्यापाऱ्याला फेकायचा विचार होता, पण तो जड होता. तेव्हापासून यार्डात माझ्या हाताला मान आहे आणि बशीरभाई मला वहिनी म्हणतात.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. लाल आकडे, बटन, पिं पिं. बशीरभाईंचं काम दोन वर्षांत आटलं. असे काटे विकणारा एक टाय घातलेला पोरगा त्यांच्याच दुकानात आला. म्हणाला, अंकल, आमची एजन्सी घ्या. बशीरभाईंनी त्याचं मशीन उचललं, तराजूत ठेवलं, नीट तोललं आणि परत त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "तुमचं मशीन साडेतीन किलोचं आहे. सगळ्या जगाचं वजन सांगतं, पण स्वतःचं त्याला माहीत नाही." पोरगा टाय सैल करत गेला.

काम गेलं आणि फुटबॉल राहिला. आमच्या मंडळाची टीम आहे. तरुणपणी बशीरभाई स्वतः त्यात खेळायचे म्हणतात. मी पाहिलेलं नाही, म्हणून पन्नास ग्रॅम. मला फुटबॉलमधलं एवढंच कळतं की चेंडू माझ्या मेथीच्या पाटीत पडला तर संध्याकाळपर्यंत द्यायचा नाही. पण संदेशला मी पाहिलंय, आणि ते अर्धा किलो धरा.

संदेश आमच्या वस्तीतला, शेजारच्या ओळीतला. बशीरभाई दुरुस्तीला आलेली वजनं काळा रंग लावून संध्याकाळी फुटपाथवर ओळीनं वाळत ठेवायचे. हा पोरगा त्या ओळीतून पायानं चेंडू काढत न्यायचा, नागमोडी, एका वजनाला धक्का न लावता. लागलाच तर रंग खरवडायचा आणि बशीरभाई त्याच्या सात पिढ्या काढायचे. दुसऱ्या दिवशी वजनं पुन्हा ओळीत. फक्त दोन वजनांमधली जागा चार बोटं कमी झालेली. मी दारात बसून रोज बघत होते. शिव्या वाढत होत्या आणि जागा कमी होत होती. अठरा वर्षांचा झाला तोवर पोरगा वीतभर फटीतून चेंडू काढायचा आणि मंडळाची दहा नंबरची जर्सी त्याच्या अंगावर होती.

मग हिंजवडीच्या एका कंपनीनं त्याला नेलं. कंपन्यांची आपसांत स्पर्धा असते म्हणे. त्यांना खेळाडू हवा होता, याला नोकरी हवी होती. कंपनीची बस सकाळी सात वाजता सिग्नलला आली, हा चढला, आणि त्याच दिवशी मंडळाची सेमीफायनल होती. आपण चार गोलांनी हरलो.

त्या दिवसापासून बाकड्यावर कोर्ट बसलं. उजवं पारडं संदेशच्या बाजूचं, डावं विरोधातलं, दोन्हींची वजनंही फळीवर वेगवेगळी मांडलेली. विरोधात दत्ता टेम्पोवाला. बाजूनं बसचे निवृत्त कंडक्टर जाधव. आणि सगळ्यात मोठ्यानं विरोधात कोण, तर बशीरभाई. खटला चालवणारेही तेच आणि वजन टाकणारेही तेच.

तरुण पोरं म्हणायची की संद्याचा ॲटिट्यूड प्रॉब्लेम आहे. मी विचारलं ते काय असतं. म्हणाली, आजी, माज. मग माज म्हणा की, एवढं लांब कशाला जायचं? बशीरभाई मात्र सरळ बोलायचे. बाकड्यावर कोणी बसायच्या आत फळीवरचं मोठं वजन उचलून डाव्या पारड्यात आदळायचे आणि म्हणायचे, "दोन किलो माज! बोला आता."

मग सगळे बोलायचे. गेल्यावर तीन महिन्यांनी संदेश एका रविवारी आला होता. गळ्यात कंपनीचा पट्टा, त्याला फोटोचं कार्ड. सगळ्यांना चॉकलेट दिलं. बोलताना नऊ वेळा ॲक्च्युअली म्हणाला. दत्तानं मोजलं होतं. त्या पट्ट्यावरून आठवडाभर रण माजलं. जाधव म्हणाले, कार्ड नसेल तर कंपनीच्या बसमध्ये घेत नाहीत. दत्ता म्हणाला, रविवारी कुठली बस? जाधव म्हणाले, सवय असते, मीसुद्धा रिटायर झाल्यावर महिनाभर तिकिटांची पेटी गळ्यात अडकवून भाजी आणायला जायचो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे बशीरभाईंना अर्धा किलो उजवीकडे टाकावाच लागला.

पोराचं पुढे काय होणार, हा दुसरा मुद्दा. दत्ताच्या मते कंपनी वर्षभर खेळवेल आणि मग कॉम्प्युटर पुसायला लावेल. जाधवांच्या मते अमेरिकेला पाठवतील. दत्ता म्हणाला, अमेरिकेत फुटबॉल हातानं खेळतात.

"ऐकीव," बशीरभाई म्हणाले. "पन्नास ग्रॅम."

गंमत अशी की रोज एवढी आदळआपट होऊन शेवटी दांडी सरळ राहायची. फार तर केसभर संदेशकडे झुकायची. दत्ता चडफडत टेम्पो सुरू करायचा. आणि कधी गप्पा क्रिकेटकडे वळल्या, किंवा सगळे नुसते चहा पीत बसले, तर बशीरभाईंना करमायचं नाही. लगेच दोन किलो माज खणकन पारड्यात. बाकडं पुन्हा पेटायचं.

अशात संदेशच्या आईबापानं वस्ती सोडली. पोरानं धायरीला भाड्यानं फ्लॅट घेतला, तिकडे गेले. त्याची आई जाताना मला म्हणाली, लिफ्ट आहे. मी म्हटलं, बरं झालं, तुझ्या गुडघ्यांना. त्यांच्या खोलीला दुसरं कुलूप लागलं. वस्तीत त्या पोराचं म्हणावं असं काही उरलं नाही. एक ती जर्सी तेवढी मंडळाच्या खोलीत खिळ्याला होती. चॉकलेट वाटायला आला होता तेव्हा जाताना तिथे डोकावून गेला होता. आत गेला नाही. दारातूनच पाहिली.

नवा हंगाम आला तसा मंडळाचा अध्यक्ष अक्षय म्हणाला की जर्सी दुसऱ्याला द्यायची. त्याचंही चूक नव्हतं. दहा नंबर रिकामा ठेवून खेळायचं म्हणजे पोळपाट ठेवून लाटणं लपवण्यासारखं. दत्तानं लगेच हात वर केला. जाधवसुद्धा गप्प बसले. मला वाटलं, बशीरभाई आता पेढे वाटतील. ते म्हणाले, "असं नाही देता येणार. तोलून ठरवायचं. रविवारी दहाला, सगळ्यांसमोर. पोराचं पारडं वर गेलं तर जर्सी द्या. नाहीतर खिळ्याला हात लावायचा नाही."

अक्षय हसला आणि हो म्हणाला. लहानपणापासून तो त्या तराजूसमोर वाढलेला.

रविवारी मी विहारातून वंदना करून आले, तर गल्लीत शंभर माणूस. लग्नाला नसतो एवढा उत्साह. चहावाल्यानं दुसरा स्टोव्ह आणला होता. खिडक्यांमधून सुना लटकत होत्या. कोणीतरी दहा नंबरची जर्सी हँगरला लावून तराजूशेजारी टांगली होती, आरोपीसारखी.

दत्ता उभा राहिला. म्हणाला, तराजू बशीरभाईंचा, वजनं बशीरभाईंची, आधी तपासून घ्या. बशीरभाईंच्या तोंडावर असं आजवर कोणी बोललं नव्हतं.  अक्षयनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, आजींना सांगा. आजी कोणाच्याच बाजूनं नसतात.

ते खरं आहे. मला फारसं कोणी आवडत नाही.

मी पुढे झाले. तराजू रिकामा पाहिला. काटा मधोमध. उजवीकडची वजनं एकेक उचलली. खणखणीत. मग डावीकडचं मोठं उचललं, रोज माजाचं म्हणून आदळतात ते. दोन किलो.

माझ्या मनगटाला ते दोन किलोचं लागेना.

मी वजन पालथं केलं. भोकावर काळा रंग होता, ताजा, गुळगुळीत, एकदम सफाईचं काम. अंगठा दाबला तर आत पोकळ. शेजारचं एक किलो उचललं, तेही तसंच. अर्धा किलो, तेही. विरोधातलं एकेक वजन पोटातून टोकरलेलं. ज्या माणसानं आख्खं यार्ड सरळ केलं, त्यानं आपल्याच वजनांचं शिसं काढलं होतं. आणि वर्षभर रोज सगळ्यात मोठ्यानं ओरडत तीच वजनं पारड्यात आदळत होता.

मी मान वर केली. बशीरभाई माझ्याकडे बघत नव्हते. हँगरवरच्या जर्सीकडे बघत होते. कानशिलावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

शंभर माणूस माझ्या तोंडाकडे बघत होतं. गटारही जवळच होतं. विहारात पंचशीलातलं चौथं शील म्हणून मला दोन तासही झाले नव्हते. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, हात जोडून म्हटलं होतं.

"काय मावशी?" दत्तानं विचारलं.

"बरोबर आहेत," मी म्हटलं. "चालू करा."

मग दीड तास नुसती धमाल. दत्तानं सेमीफायनलचे चारही गोल परत एकदा खाऊन दाखवले. जाधवांनी तिकिटांची पेटी पुन्हा काढली. एका सुनेनं खिडकीतून ओरडून सांगितलं की संदेशनं तिचं गॅसचं सिलिंडर तीन जिने चढवून दिलं होतं. पाहिलेलं, अर्धा किलो. बशीरभाईंनी नेहमीप्रमाणे दोन किलो माज आदळला आणि पोराच्या सात पिढ्या काढल्या. शेवटी दांडी हलली, डुलली आणि केसभर उजवीकडे टेकली. अक्षयनं जर्सी उचलली आणि मुकाट्यानं खिळ्याला लावून आला. नवीन पोराला अकरा नंबर दिला.

गर्दी पांगल्यावर मी बाकड्यावर बसले. बशीरभाई वजनं पुसून फळीवर मांडत होते.

"शिसं कुठे ठेवलंत?" मी विचारलं.

त्यांनी खालून तंबाखूचा डबा काढून हलवला. आत खुळखुळलं.

"वहिनी, घर गेलं. आईबाप गेले," ते म्हणाले. "जर्सी पण दिली तर तो इकडे यायचा कशासाठी?"

तुम्ही आहात ना, असं मी म्हणणार होते. पण संदेश नेमकं तेवढ्यासाठी आला असता की नाही, ते ना मी पाहिलेलं होतं, ना ऐकलेलं. म्हणून चहा मागवला.

संध्याकाळी त्यांनी पाच किलोची वजनं फुटपाथवर ओळीनं मांडली. दुरुस्तीला एकही आलेलं नव्हतं, रंगही लावलेला नव्हता. मी भाजी घेऊन येताना त्यांतल्या एकाला अडखळले आणि बशीरभाईंना जे बोलायचं ते बोलले.

सोमवारी सकाळी बाकडं भरलं. जाधव, दत्ता, चहा. विषय क्रिकेटचा निघाला. बशीरभाईंनी फळीवरचं मोठं वजन उचललं.

"दोन किलो माज!"

मी दारात बसून मेथी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "दोन? मला तर पावणेदोनच वाटतो."

दत्ता हसला, त्याला वाटलं म्हातारी पोराची बाजू घेतेय.  बशीरभाईंनी मात्र वजन आदळलं नाही. दोन्ही हातांनी धरून पारड्यात अलगद ठेवलं.