अकराशे सत्तेचाळीस हजर

दुसऱ्याच्या अंगात बसवलेली किडनी वर्षातून एकदा तासबागच्या प्रत्यारोपण नोंदणी कार्यालयात स्वतः फोन करून हजेरी लावते. ठरलेल्या तारखेला, दुपारी बारा ते तीन. माणसांसारखं ‘विसरलोच बघा’ तिच्याकडून कधी ऐकायला मिळत नाही. केतकी लोंढे फोन घ्यायची, लघवी किती, क्रिएटिनिन किती, त्रास काय, असे चौदा रकाने भरायची. नोंद पूर्ण झाली की किडनी पुढचं वर्षभर बिनघोर काम करायची.

केतकीने बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. तिथले प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या वह्यांतून वाचून दाखवायचे आणि शंका विचारली की विचारणाऱ्याचं वय काढायचे. या कार्यालयात तिला निदान विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारी मंडळी मिळाली. म्हणजे किडन्या. कार्यालयप्रमुख अण्णासाहेब देवकुळे त्यांत मोडत नव्हते.

मार्चअखेरचा आठवडा रजा काढून ती मैत्रिणीच्या लग्नाला गेली. परत आली त्या दिवशी बाराच्या ठोक्याला फोन वाजला.

“अकराशे सत्तेचाळीस हजर. मॅडम, मी हरवलेय का?”

केतकीने नोंद काढली. शेवटच्या रकान्यात अण्णासाहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘संपर्क तुटला.’

“लिहिलंय खरं तसं. पण तू तर बोलतेयस.”

“बोलतेय. पण तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं परवा घरी. हरवलेल्या किडनीने काम करणं नियमात बसत नाही, म्हणून तेव्हापासून बंद ठेवलंय. माणूस चांगलाय हो. फुगलाय बिचारा.”

हे बोलणं चालू असतानाच तो माणूस दारात आला. शिवलिंग मदने, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. चेहरा सुजलेला, बँडच्या लाल कोटाचं एकही बटण लागत नव्हतं. सोबत त्याची थोरली बहीण तानूबाई. किडनी मूळची तिची.

“उद्यापर्यंत चालू झाली नाही तर मशीनवर घालणार म्हणतात डॉक्टर,” शिवलिंग म्हणाला.

“माझ्या पोटात एक्कावन्न वर्षं गपगुमान राहिली,” तानूबाई म्हणाली. “आणि तुमच्या कपाटात आल्या आल्या हरवली? कोण आहे तो हरवणारा?”

“बाई, नमस्कार,” फोनमधून आवाज आला. केतकीने फोन स्पीकरवर टाकला होता.

“गप बस गं तू. लाज नाही वाटत, भावाला माझ्या फुगवलंस?”

“वाटते ना. पण कागद आहे.”

आवाज ऐकून अण्णासाहेब आतल्या खोलीतून डोळे चोळत आले.

“वर्षअखेर होती,” ते म्हणाले. “दोनशे बारा नोंदी अपूर्ण. तपासणीला साहेब येणार. त्यांना अपूर्ण दाखवू? सरसकट ‘संपर्क तुटला’ टाकलं. प्रलंबित शून्य! एकवीस वर्षांत पहिल्यांदा. पेढे वाटले आम्ही.”

“पण फोन केले असतील ना या किडन्यांनी?” केतकी म्हणाली.

“बाळ, तुझं वय काय? माझा अनुभव काय? दुरुस्ती हवी तर रीतसर करा. किडनी काम करतेय याचा पुरावा आणा. आजच्या लघवीचा रिपोर्ट चालेल.”

“नोंद दुरुस्त झाल्याशिवाय मला काम करता येणार नाही,” किडनी म्हणाली.

“आणि काम केल्याशिवाय नोंद दुरुस्त होणार नाही,” अण्णासाहेब म्हणाले.

दोघंही नियमाला धरून होते. फरक एवढाच, की किडनीला वाईट वाटत होतं.

केतकीने टेलिफोनच्या यंत्रातून मागच्या आठवड्याची यादी काढली. सत्तावीस मार्च. दुपारी एक दहा, अकराशे सत्तेचाळीस, उत्तर नाही. एक वीस, उत्तर नाही. असं अकरा वेळा. ती आतल्या खोलीत गेली. तिथल्या फोनवर उशी होती. उशीवर डोक्याचा खळगा होता.

“हिने अकरा वेळा फोन केला,” केतकी म्हणाली. “संपर्क हिच्या बाजूने तुटलेला नाही. तुमच्या बाजूने तुटलाय.”

“जेवल्यावर थोडं पडायचं नाही का माणसाने? आमच्या पिढीने—”

“तुमच्या पिढीचा रकाना नाहीये यात.”

या कार्यालयात चुकीची नोंद खोडून काळी करत नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहितात, कारण, तारीख, सही. केतकीने रेघ मारली आणि लिहिलं, ‘संपर्कात आहे. कारण: किडनीने अकरा फोन केले, कार्यालय झोपलं होतं.’ मग तिने एक कोरं पान घेतलं. फोन न उचलणाराही कोणी होता, त्याचीही नोंद हवी. ‘देवकुळे अण्णासाहेब. वय सत्तावन्न. संपर्क तुटला.’

“अगं ए, हे काय—” अण्णासाहेब म्हणाले. पुढचं ऐकू आलं नाही. ओठ थोडा वेळ हलताना दिसले, मग तेही दिसेनात. खुर्ची तेवढी राहिली. तानूबाई तिच्यावर टेकली.

“नोंद वाचली,” किडनी म्हणाली. “सुरू करते.”

शिवलिंग ताडकन उठला. “आक्का, लागली!”

केतकीने मापाचं भांडं त्याच्या हातात कोंबलं. तो पळाला. दार लागलं. दोघी श्वास धरून ऐकत राहिल्या. आधी काहीच नाही. मग आवाज आला आणि येतच राहिला.

“साडेतीनशे!” तो ओरडत बाहेर आला, भांडं दोन्ही हातांनी देवाच्या तीर्थासारखं धरून. तानूबाई रडली, त्याच्या पाठीत एक रट्टा घातला, मग भांड्यात डोकावून म्हणाली, “रंग बरा आहे.”

शिवलिंगने तिथेच क्लॅरिनेट काढली आणि वरातीची चाल धरली. तेवढ्यात फोन वाजला. मग दुसरा. मग आतल्या खोलीतला, उशीखालचा. उरलेल्या दोनशे अकरा जणींना बातमी लागली होती. केतकी फोन उचलत राहिली, रेघा मारत राहिली. तानूबाईने पदर खोचून आतला फोन सांभाळला. “बोल गं बाई, किती झाली? शाब्बास!”

साडेपाचला शेवटची रेघ मारून केतकीने पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर सत्तावीस मार्चला गोल केला. अण्णासाहेबांची हजेरी, बारा ते तीन. त्यांनी फोन केला, तर पहिल्या रिंगला उचलायचा.