नानांच्या पंगतीतली लाल खूण

आमच्या आश्रमाच्या फाटकावर स्वयंपाकघर सांभाळणारे नाना कुणाला नाव विचारत नसत. जात, धर्म तर दूरच. पाहुणा पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच ते वही उघडत, "कितल्या भाकरी खाशी?" एक निवृत्त न्यायाधीश शांती शोधत आले. त्यांनी अर्धी सांगितली. नाना कळवळले. "अर्धीवर ध्यान लागस का? दोन लिखस!"

सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडपासून आत आमचा वेदान्त आश्रम. शिबिराला कुणीही यावं, हे स्वामीजींचं सांगणं. त्याचा मला आजही अभिमान आहे. मी व्यवस्थापक. 'सर्वांत तेच एक' हे सभागृहाच्या भिंतीवर लाल तेलरंगात मीच लिहिलं.

आणि त्याच डब्यातल्या रंगाचा एक ठिपका, कुणाला न दाखवता, एका ताटलीच्या बुडाला दिला. पहिल्या शिबिराला धुळ्याचे यासीनभाई टेलर येणार होते. ती ताटली वेगळी राहावी म्हणून. तेव्हा त्यात काही वावगंही वाटलं नाही.

शिबिराच्या पहिल्या दुपारी जेवणं झाली. ज्याची ताटली त्यानेच घासायची, हा नियम. नळावर यासीनभाईंनी ताटली पालथी केली आणि ते थबकले. शेजारी असोद्याच्या अक्कांनी ताटली पालथी केली. ठिपका. न्यायाधीशांच्याही. चाळीसच्या चाळीस ताटल्यांना ठिपके!

"निशाणी छान आहे," यासीनभाई हसले. "आश्रमाची ताटली आता चोरीला जायची नाही."

मी नानांना भांड्यांच्या खोलीत गाठलं. त्यांच्या नखांत लाल रंग.

"भाऊ, तुन्हा डबाम्हा रंग उरना व्हता. एकलेच कशाले? बठ्ठास्ले लावा."

"नाना, माझं चुकलं."

ते ताटल्या रचता रचता म्हणाले,

"मन्ही पोरनी ख्रिस्ती पोऱ्यासंगे लगीन कयं. घर उनी, तवय मी तिले येगळा पेला दिधा. तिनी पाणी पिधं, पेला धुईसन पालथा ठेवा. परत उनी नही."

त्यांची मुलगी धुळ्यात, देवपुरातच राहत होती. दर मंगळवारी नाना भाजीच्या निमित्ताने धुळ्याला जात. ती लांबून दिसली की वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसत.

"या मंगळवारी मी येतो," मी म्हणालो.

नानांनी धोतराला हात पुसले.

"ये. पन दार तू वाजाडजो, भाऊ. मी मांगे उभा ऱ्हासू."